मानखुर्दच्या बालवाडीचं पातळ कवचाचं छत : प्रकल्प नोंदी

९ फेब्रुवारी २०२५

मुंबईत मानखुर्दच्या वस्तीतल्या बालवाडीची ही खोली १२ बाय १२ फुटांची. भिंती साडेचार इंची विटांच्या, त्यावर सिमेंटचे पत्रे. पत्रे वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर दगड आणि जुने टायर ठेवलेत, आणि त्याच दगडांनी दोन पत्रे तडकलेत. पावसाळ्यात ताडपत्री टाकून दिवस काढायचे. बचत गटाच्या बायका इथे बालवाडी चालवतात. एप्रिल-मेमध्ये दुपारी मुलांना आत बसवत नाही, आणि मोठी सर आली की शिकवणाऱ्या ताईंचा आवाज दुसऱ्या ओळीपर्यंतही पोचत नाही.

स्लॅबचा विचार पहिल्याच दिवशी सोडला. चार इंची स्लॅब म्हणजे चौरस मीटरला अडीचशे किलो. एवढ्या खोलीवर तीन टनांहून जास्त वजन आलं असतं आणि या भिंतींना ते झेपलं नसतं. म्हणून लोखंडी चौकटीवर काचेच्या धाग्यांची जाळी ताणून, त्यावर लॅटेक्स (दुधासारखं पातळ रबर) मिसळलेल्या सिमेंटचे पातळ थर देऊन खोगिरी आकाराचं छत करायचं ठरवलं. समोरासमोरचे दोन कोपरे वर, दोन खाली. पृष्ठभाग दोन्ही दिशांनी वळलेला, तरी कडा सरळ, त्यामुळे साचा लागत नाही. अमेरिकी नगररचनाकार जॉर्ज नेझ यांनी ही पद्धत गरजू वस्त्यांसाठी वापरून दाखवली आहे. जाडी जेमतेम १० ते १२ मिलिमीटर, वजन चौरस मीटरला वीस-बावीस किलो.

आमचे मिस्त्री उमरग्याकडचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडी भिंती आणि त्यावरची मातीची माळवदं लोकांच्या अंगावर कशी आली, ते त्यांनी लहानपणी पाहिलंय. वजनाचा आकडा ऐकून ते म्हणाले, “ताई, एवढंच वजन असेल तर पडलं तरी माणूस उठून बसेल.” मुंबई भूकंपाच्या तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या झोनमध्ये येते, त्यामुळे हे बोलणं मला नुसतं धीराचं वाटलं नाही.

१६ फेब्रुवारी

आजचा दिवस कागदावर गेला, आणि अख्ख्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आजच झाला. ज्यांना हे छत करायचंय त्यांनी ही नोंद नीट वाचावी.

छत ४.२ मीटर बाय ४.२ मीटर, म्हणजे भिंतीबाहेर चहूकडे जवळपास एक फूट. खालचे कोपरे जमिनीपासून २.५ मीटरवर, वरचे ३.७ वर. वस्तीतल्या बांधकामाला पालिकेची चौदा फूट उंचीची मर्यादा असते, तिच्यात बसतं. पृष्ठभाग सुमारे १८ चौरस मीटर, एकूण वजन ४०० किलोच्या आसपास.

माझी एक मैत्रीण स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. तिला हे आकडे दाखवले तर तिनं वजनाकडे बघितलंच नाही. तिनं वाऱ्याचं गणित मांडलं. भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. वेगाचा वर्ग गुणिले ०.६ केलं की दाब येतो चौरस मीटरला ११६० न्यूटन, ढोबळपणे ११८ किलो. छत खाली ओढतं बावीस किलोनं, वारा वर खेचतो ११८ नं. सगळ्या छताचा हिशेब केला तर उचल दोन टनांच्या वर जाते. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं तेव्हा कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला होता. त्या दिवशी या वस्तीतले कितीतरी पत्रे नाल्यात सापडले होते, आणि ते वादळ तर समुद्रातूनच पुढे गेलं.

थोडक्यात, हे छत पडण्याची भीती नाही, उडण्याची आहे. साडेचार इंची भिंतीला बोल्ट मारून ते धरून ठेवता येणार नाही. बोल्ट भिंतीचा वरचा थरच घेऊन जाईल. म्हणून भिंती सोडून चार स्वतंत्र लोखंडी खांब, आणि प्रत्येक खांबाखाली काँक्रीटचा भरीव ठोकळा, जो केवळ वजनानं छत धरून ठेवेल.

२ मार्च

खड्डे खणले. आधी ६० सेंटिमीटरचे घन ठोकळे धरले होते, एकेकाचं वजन पाचशे किलो. पण कमरेएवढं खणायच्या आतच पाणी लागलं. ही खाडीची भरणी आहे, भरतीबरोबर पाणी वर येतं. पाण्यात बुडालेलं काँक्रीट घनमीटरला २४०० ऐवजी १४०० किलोइतकंच जड राहतं, म्हणजे आमचा ठोकळा तीनशे किलोवर आला असता. खड्डे ७५ सेंटिमीटरचे केले. आता बुडलेल्या अवस्थेतही चौघांचं मिळून २.३ टनांच्या वर राहतं, छताचं वजन वेगळं.

पाणी उपसायला पंप भाड्यानं आणला, त्यात वेळ आणि पैसे दोन्ही गेले. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून ओहोटीला खणलं असतं तर पंप लागला नसता. काँक्रीट मात्र ओहोटीच्याच वेळी ओतलं.

खांब ७२ बाय ७२ चा चौकोनी पाइप, ३.२ मिलिमीटर जाडीचा. जमिनीच्या वर वीतभर काँक्रीटची कॉलर चढवली. खारट ओल आणि हवा जिथे मिळते तिथेच लोखंड आधी खाल्लं जातं.

१६ मार्च

चौकट उभी. खालचे दोन कोपरे छताच्या वजनानं बाहेर सरकू पाहतात, म्हणून त्यांना जोडणारी १२ मिलिमीटरची सळई आणून ठेवली होती. मैत्रिणीनं ती परत करायला लावली. सळई ओढलं जातं तेव्हाच काम करते. वारा छत वर खेचेल तेव्हा तेच दोन कोपरे आत यायला बघतील, आणि दाबाखाली सळई लुळी पडेल. त्या जागी खांबाचाच ७२ चा पाइप टाकला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जवळपास सहा मीटर. पाइपाचे पैसे वाढले. ताईंना त्याला पंखा टांगायची सोय मिळाली, त्यावर त्या खूश.

फॅब्रिकेटरनं कोपऱ्यांचे कोन अंदाजानं कापले होते, त्यामुळे एक कडा पीळ खाऊन बसली. खोगिरी छतात चारही कडा अगदी सरळ हव्यात, नाहीतर जाळीत सुरकुती येते आणि सुरकुतीत पाणी साचतं. दोरी लावून दाखवली, त्यानं निमूट कापून पुन्हा जोडलं. वेल्डिंग संपायच्या आत दोरी लावा, रंग मारल्यावर नाही.

२३ मार्च

जमिनीवर चार फुटांचे नमुने करून बघण्याचं काम या आठवड्यात उरकलं. छतावर जे चुकलं असतं ते इथे चुकलं.

जाळी : दुकानदार वॉटरप्रूफिंगची फायबर जाळी म्हणून जी देतो ती चौरस मीटरला ४५ ग्रॅमची, विरळ. ताणली की फाटते. बाहेरच्या प्लास्टरसाठी येते ती १४५ ग्रॅमची मागा, आणि तिच्यावर अल्कली सोसणारा लेप आहे का ते विचारा. साध्या काचेच्या धाग्याला सिमेंट हळूहळू खातं. पहिल्या वर्षी काही दिसत नाही, पुढे आतली जाळी निकामी होते.

लॅटेक्स : पैसे वाचवायला एका नमुन्यात सुताराचा पांढरा गोंद वापरला. वाळल्यावर छान कडक झाला. मग तुकडा बादलीत बुडवून ठेवला. पाणी दुधाळ झालं आणि नखानं वरचा थर निघाला. हा गोंद पाण्यात परत विरघळतो, मुंबईच्या पावसात त्याचा उपयोग शून्य. एसबीआर (एक कृत्रिम रबर) लॅटेक्सचा तुकडा तसाच बुडवला, त्याला काही झालं नाही. बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगला जे वापरतात तेच, फक्त घन भाग किती टक्के आहे ते कॅनवर वाचून घ्या. आमच्यात ४५ टक्के होता.

प्रमाण : सिमेंट १० किलो, चाळलेली बारीक रेती १५ किलो, लॅटेक्स अडीच किलो, पाणी दोन लिटर. अगदी पहिल्या हाताला रेती नाही, बाकी तेच. माल इडलीच्या पिठासारखा हवा, ब्रशवरून ओघळू नये आणि जाळीच्या घरांत शिरावा. मिस्त्रींचा हात सारखा पाण्याकडे जायचा. लॅटेक्स घातल्यावर माल आपोआप सैल होतो, म्हणून पाणी शेवटी आणि मोजून घाला.

ड्रिलला पाती लावून घोळवलं तर फेस येतो आणि थरात बारीक छिद्रं राहतात. हातानं, सावकाश घोळवलेला माल भरीव येतो.

पाणी मारण्याचा वाद : यावरून मिस्त्रींशी बरंच बोलणं झालं. प्लास्टरला सात दिवस पाणी मारायचं हा त्यांचा नेम, आणि साध्या सिमेंटला तो बरोबरच आहे. लॅटेक्सचं काम वेगळं. पहिला दिवस ओलावा लागतो, पण त्यानंतर वाळू द्यावं लागतं, तेव्हाच लॅटेक्सचा पापुद्रा सिमेंटच्या आत जमतो. बोलून पटत नव्हतं, म्हणून एकाच नमुन्याचे दोन भाग केले. एकावर आठवडाभर ओलं गोणपाट, दुसऱ्यावर एकच दिवस. मग दोन्हींच्या पट्ट्या कापून टोकं विटांवर ठेवली आणि मध्ये दाबलं. ओली पट्टी कट्‌कन मोडली. वाळलेली पट्टी वाकली, हात सोडला तशी परत सरळ झाली. मिस्त्रींनी ती पट्टी उचलून दोन-तीनदा वाकवून बघितली, टिचकी मारून आवाज ऐकला आणि म्हणाले, “बरं. छतावर एक दिवस.” तेव्हापासून गोणपाट वेळेवर काढायची आठवण मला तेच करून द्यायला लागले.

६ एप्रिल

जाळी ताणली. जाळीखाली आधाराला दर फुटावर दोऱ्या लागतात, एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत, दोन्ही दिशांनी. सगळ्या दोऱ्या सरळ रेषेत आणि तरी पृष्ठभाग वळलेला. वस्तीतली मुलं खालून बघत होती, आठवीतल्या एका मुलीनं पट्टी मागून घेतली आणि दोरी खरंच सरळ आहे का ते तपासलं.

पहिल्यांदा नायलॉनची दोरी बांधली. सकाळी टणक, दुपारी उन्हात ढिली. सगळी काढली. नागदेवीच्या हार्डवेअर बाजारातून टर्नबकल (पिळून तार ताणायचे स्क्रू) आणून जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार ताणली, ती टिकली. तारा छत कडक झाल्यावर कापायच्या आहेत.

जाळीचे पट्टे एकमेकांवर चार इंच चढवले. कडेला पाइपावर आणून तारेनं बांधले आणि तिथेच कापले. ही शेवटची गोष्ट मे महिन्यात महाग पडली, पुढे लिहिलंय.

१३ एप्रिल

पहिला हात. सकाळी सहाला सुरुवात, साडेनऊला बंद. त्यानंतर ऊन एवढं चढतं की ब्रश उचलेपर्यंत मालावर साय धरते. एका वेळी दहा किलो सिमेंटच्या वर माल करू नका, आमची एक अख्खी बादली घमेल्यातच बसली. सिमेंट स्वस्त आहे, बादलीतलं लॅटेक्स महाग. ब्रश सतत पाण्याच्या बादलीत हवेत, एकदा रबर धरलं की ब्रश फेकायचाच.

पहिला हात फक्त दोन मिलिमीटरचा. मोह होतो की जाळी दिसते आहे तर झाकून टाकावी. जमिनीवरच्या नमुन्यात तसं केलं होतं, वजनानं जाळी मध्ये बसली आणि खोलगट भाग तसाच कडक झाला, त्यात पाणी साचत होतं. पातळ हात आधी कडक होऊ द्या. पुढचं वजन तो पेलतो.

दुसऱ्या दिवशी छत अगदी कागदासारखं पातळ होतं, तरी मध्ये तळहातानं दाबलं तर दबत नव्हतं. इथपर्यंत आल्यावर माझी काळजी बरीच कमी झाली.

२७ एप्रिल

दुसरी आणि तिसरी जाळी, दोन्हींवर रेतीचा माल. दुसरी जाळी तिरकी, कर्णाच्या दिशेनं. कडेपासून मध्यावर यायचं, समोरासमोरच्या दोन बाजूंनी एकाच वेळी, म्हणजे वजन एकीकडे पडत नाही. काम पाठीवर येतं, लांब दांड्याचे ब्रश घ्या. लॅटेक्स त्वचेवरून निघत नाही, हातमोजे आणि चष्मा पहिल्या दिवसापासून.

जाडी मोजायला दाभणावर १० मिलिमीटरची खूण केली आणि ओल्या मालात ठिकठिकाणी टोचून पाहिलं. वरच्या कोपऱ्यांकडे थर सातच भरला होता, माल उतारानं खाली सरकतो. तिथे पुन्हा एक हात दिला.

११ मे

तारा कापल्या. छत होतं तिथेच राहिलं. मग मध्यावर रेतीची पोती ठेवली, एकूण दोनशे किलो. खालच्या पाइपावरून दोरी ताणून मोजलं, मध्य तीन मिलिमीटर उतरला, पोती काढल्यावर परत आला. त्यानंतर मिस्त्री स्वतः चढून मधोमध उभे राहिले. खाली ताई “अहो, उतरा” म्हणत होत्या.

वर पांढरा लेप द्यायचा बाकी आहे. एवढं पातळ छत ऊन अडवत नाही, तापतं. पांढरा रंग आणि वरच्या दोन कोपऱ्यांखाली मोकळी ठेवलेली जाळी, गरम हवा तिथून बाहेर जाते. या दोन्हींशिवाय हे छत पत्र्यापेक्षा फार थंड राहील अशी आशा कुणाला दाखवू नका.

२८ मे

मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो हे धरून सगळं आखलं होतं. या वर्षी मोसमी पाऊस २६ मेलाच पोचला, १६ दिवस आधी. त्याच्या आधीच्या आठवड्यात वळवाच्या सरींनी पांढऱ्या लेपाचा पहिला हात धुऊन नेला, अंगणात दुधासारखे ओघळ. लॅटेक्सला वाळायला कोरडे दिवस लागतात. शेवटचा थर मेच्या पहिल्या आठवड्यात संपेल असंच आखा.

२६ च्या पावसात छत गळलं. मधलं कवच ठणठणीत कोरडं. पाणी आलं ते कडांवरून, पाइप आणि सिमेंट यांच्या फटीतून, आणि भिंतीवरून खाली. कारण दोन. पाइपाला चकचकीत ऑइलपेंट होता, त्यावर माल धरत नाही. आणि जाळी पाइपाच्या वरच संपवलेली, त्यामुळे दुपारी पाइप तापून लांबला की तिथेच बारीक चीर पडायची.

दुरुस्ती : वर ताडपत्रीचा मांडव, खाली दोन पंखे. पाइपावरचा रंग कडेपुरता घासून काढला. नव्या जाळीचा हातभर रुंद पट्टा छतावरून घेऊन पाइपाभोवती पूर्ण गुंडाळला आणि खालून वर आणून छताला वीतभर जोडला. त्यावर तीन हात. पाइपाच्या खालच्या अंगाला बोटभर कंगोरा ठेवला, पागोळी तिथूनच तुटते आणि पाणी आत वळत नाही. दमट हवेत प्रत्येक हाताला दुप्पट वेळ लागला. एप्रिलमध्ये हेच काम एका सकाळचं होतं.

१५ जून

बालवाडी भरली. कडा कोरड्या. परवा जोराची सर आली तेव्हा मी आत होते, ताई गोष्ट सांगत होत्या आणि मागच्या भिंतीपाशी बसलेलं पोर उत्तर देत होतं. पाणी दोन खालच्या कोपऱ्यांतून धारेनं पडतं, त्यामुळे तिथली माती उखडते. खाली फरशी आणि गटारापर्यंत पन्हळ करावी लागली. शेजाऱ्यांच्या दारात पाणी जाणार नाही हे चौकट उभी करण्याआधीच बघून घ्या, आम्हाला एका घराची समजूत काढावी लागली.

खर्च. लोखंड सुमारे २६० किलो, १८,३०० रुपये. फॅब्रिकेशन ९,०००. पाया पंपासकट ११,०००. लॅटेक्स ६० किलो, १०,८००, यातलं चांगलं पंधरा-वीस किलो वाया गेलेल्या मालात आणि दुरुस्तीत गेलं. जाळीचे दोन रोल २,८००. छताचं सिमेंट १,९००, रेती ६००. मजुरी १९,०००. रंग आणि पांढरा लेप २,४००. एकूण ७५,८००.

कवचाचं सामान चौरस मीटरला नऊशे रुपयांच्या आत बसतं, आणि लोक याच आकड्यावर खूश होऊन पुढे जातात. बाकीचे पैसे कडा, खांब आणि जमिनीतल्या ठोकळ्यांत आहेत. हात आखडता घ्यायचा असेल तर रंगात घ्या. तिथे घेऊ नका.

६ जुलै

कडांची पाहणी केली. एका वरच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर आहे, पाणी येत नाही, ब्रशानं लॅटेक्सची लापशी भरली. पावसाळा संपला की पुन्हा बघायची आहे.

शेजारच्या शिवणवर्गाच्या खोलीचं माप घेतलं. तिथे पाइप गॅल्व्हनाइज्ड घेणार, रंग मारण्याआधी कडेला जाळी गुंडाळणार, आणि खड्डे डिसेंबरात ओहोटी बघून खणणार. काम मिस्त्रींच्याच हाताखाली वस्तीतल्या दोन मुलींना शिकवायचं ठरलंय. पट्टी मागून दोरी तपासणारी त्यातली एक.